आपत्तीत मांजर हाकेला येत नाही

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस पडला होता. दक्षिण मुंबईतील कार्यालयांत बसलेल्या अनेकांना उपनगरांत काय चालले आहे याची कल्पना उशिरा आली आणि ती आली तेव्हा लोकल बंद पडल्या होत्या. त्या रात्री हजारो माणसे कार्यालयांत, बसमध्ये किंवा अनोळखी माणसांच्या घरी थांबली. हजारो रेल्वेरुळांवरून चालत निघाली. तबेल्यांतील म्हशी मोठ्या संख्येने बुडाल्या, त्यांची कलेवरे हलवण्याचा प्रश्न प्रशासनापुढे उभा राहिला आणि त्याची दखलही घेतली गेली. कुलूपबंद घरांत राहिलेल्या मांजरांचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि २५ जुलै २०२४ रोजी पुण्यातील सिंहगड रस्त्याचा परिसर पाण्याखाली गेला. पुण्यात तर खडकवासल्यातून सोडलेले पाणी पहाटेच्या वेळी एकतानगरीतील इमारतींत शिरले. माणसे झोपेतून उठून बाहेर पडली. अशा वेळी काय बरोबर घ्यावे, हे आता बऱ्याच घरांना ठाऊक झाले आहे. कागदपत्रे, औषधे, विजेरी आणि थोडी रोकड अशी पिशवी पावसाळ्यापूर्वी भरून ठेवणारी कुटुंबेही आहेत. घरातील मांजर कसे बाहेर काढायचे, याचा विचार मात्र पाणी उंबऱ्याशी आल्यावरच सुरू होतो. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण नेमके त्याच वेळी मांजर सापडत नाही.

पूर्वी वाड्यात किंवा चाळीत मांजर एका घराचे नसे, सगळ्या आळीचे असे. कौलांवरून, भिंतींवरून जाण्याचे त्याचे रस्ते ठरलेले असत. पाणी चढू लागले की ते माणसांच्या आधी माळ्यावर पोहोचे. पिल्ले झाल्यावर मांजरी सात घरे बदलते, ही समजूतही त्याच काळातील. आपला आसरा आपण निवडण्याची मुभा तिला होती. सदनिकेत वाढलेल्या मांजराला अशी मुभा नाही. पाचव्या मजल्यावर जन्म काढणाऱ्या मांजराचा पाय कधी जमिनीला लागलेला नसतो. दार कोणी उघडले तरच ते बाहेर पडणार आणि उघड्या दारातून एकटे बाहेर पडले, तर त्याला परतीचा रस्ता ठाऊक नसणार. ही परिस्थिती माणसाने निर्माण केली आहे. तिची तजवीजही त्यालाच करावी लागेल.

लपणे हाच स्वभाव

संकटात कुत्रा माणसाजवळ येतो, मांजर माणसापासून दूर जाते. मांजर शिकारी प्राणी असले, तरी आकाराने लहान असल्यामुळे दुसऱ्याची शिकार होण्याची भीतीही त्याच्या रक्तात आहे. मोठा आवाज, धूर, धावपळ, अनोळखी माणसांचा वावर यांपैकी काहीही घडले की ते अंधाऱ्या, अरुंद जागेत शिरते आणि आवाज न करता बसून राहते. दिवाणाच्या पेटीत, फ्रिजमागे, कपड्यांच्या कपाटात, धुलाईयंत्राच्या खाली, माळ्यावरच्या गाद्यांत ते असे दडते की रोज घर झाडणाऱ्यालाही दिसू नये. मालकाच्या हाकेला ते उत्तर देत नाही. यात कृतघ्नपणा नाही. भ्यालेल्या मांजराच्या दृष्टीने आवाज करणे म्हणजे आपला ठावठिकाणा शत्रूला सांगणे होय. त्यातच मालकाचा आवाज घाबरलेला असेल, तर ते अधिकच आत सरकते.

म्हणून धोक्याची पहिली सूचना मिळताच करावयाची पहिली गोष्ट म्हणजे मांजराला एका लहान खोलीत बंद करणे. कपाटे आवरणे, सामान वर चढवणे, नातेवाइकांना दूरध्वनी करणे ही कामे त्यानंतरची. ज्या खोलीत पलंग नाही, पेटी नाही, माळा नाही अशी खोली निवडावी. बहुतेक घरांत न्हाणीघर या कामाला उत्तम असते. मात्र तेथील भरलेल्या बादल्यांवर झाकण असावे आणि फिनेल, ॲसिड यांच्या बाटल्या हलवलेल्या असाव्यात. मांजराची पेटी त्याच खोलीत ठेवावी. घर सोडण्याची वेळ आली नाही, तर अर्ध्या तासाने दार उघडता येते. मांजराचा थोडा रुसवा पत्करावा लागेल, एवढेच.

पेटीची सवय

मांजर नेण्यासाठी मिळणारी पेटी, जिला दुकानदार व पाळणारे दोघेही कॅरियर म्हणतात, ती बहुतेक घरांत असते. ती ठेवलेली असते माळ्यावर आणि वर्षातून एकदा, लस टोचण्याच्या दिवशी खाली उतरते. परिणामी पेटी दिसली की मांजर पलंगाखाली जाते. त्याच्या हिशेबी पेटी म्हणजे दवाखाना, सुई आणि रिक्षाचा आवाज. एरवी ही गैरसोय हसण्यावारी नेता येते. इमारतीत धूर कोंडला असताना ती जिवावर बेतते.

उपाय सोपा आहे, पण त्याला काही आठवडे द्यावे लागतात. पेटी माळ्यावरून काढून मांजर जेथे एरवी बसते तेथे कायमची उघडी ठेवावी. आत त्याच्या अंगाचा वास असलेले जुने फडके किंवा मालकाचा न धुतलेला सदरा अंथरावा. सुरुवातीला दार काढून ठेवता आले तर अधिक चांगले. मग खाण्याची ताटली आधी पेटीच्या जवळ, पुढे तोंडाशी आणि शेवटी आत सरकवावी. मांजर आत शांतपणे खाऊ लागले, की दार काही क्षण लावून लगेच उघडावे. तो वेळ हळूहळू वाढवावा, नंतर पेटी उचलून खोलीत एक फेरी मारावी, त्यानंतर जिन्यापर्यंत जाऊन यावे. प्रत्येक वेळी शेवटी आवडीचा घास द्यावा. घाई करून एकदा जरी बळजबरी केली, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मांजराची स्मरणशक्ती अशा बाबतीत चांगलीच तल्लख असते.

पेटी कडक प्लॅस्टिकची, मांजराला आत उभे राहता व वळता येईल एवढी आणि शक्यतो वरूनही उघडणारी असावी. वरून उघडणाऱ्या पेटीत अडून बसलेल्या मांजराला मागच्या पायांकडून खाली सोडता येते. पुढच्या दारातून डोके आधी ढकलण्याचा खटाटोप केला, तर ते चारही पाय चौकटीला रोवते आणि ओरखडे मात्र माणसाच्या वाट्याला येतात. खांद्याला अडकवायच्या मऊ पिशव्या दिसायला सुबक असल्या, तरी घाबरलेले मांजर त्यांची चेन डोक्याने उघडते. जुन्या पेटीचे दार सैल झाले असेल, तर ते बांधण्यासाठी दोरी पेटीलाच अडकवून ठेवावी. घरात दोन मांजरे असतील, तर पेट्याही दोन हव्यात. एरवी एकमेकांच्या कुशीत झोपणारी मांजरे भीतीच्या भरात एकमेकांवर तुटून पडतात, हा अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

पेटी हाताशी नसेल आणि मिनिटाचाही अवधी नसेल, तेव्हा उशीचा अभ्रा कामी येतो. हात अभ्र्यात घालून मांजराला मानेमागच्या सैल कातडीने आणि पार्श्वभागाखाली आधार देऊन धरावे, अभ्रा त्याच्यावर उलटवावा आणि तोंड गाठीने बांधावे. सुती अभ्र्यातून हवा जाते. जाडसर टॉवेलमध्ये मान सोडून बाकीचे अंग घट्ट गुंडाळणे हाही एक मार्ग आहे. आगीच्या वेळी जिना उतरताना मांजर नुसते छातीशी धरून नेणे मात्र सर्वांत धोक्याचे. सायरन वाजला की ते हातातून निसटते, आणि त्याच्या मागे वर धावणाऱ्या माणसाचा जीवही धोक्यात येतो. अग्निशमन दलाच्या जवानांना घरात मांजर आहे हे समजावे, यासाठी दारावर मांजरांची संख्या लिहिलेली चिठ्ठी चिकटवण्याची पद्धत परदेशांत रूढ आहे. आपल्याकडेही ती अवलंबण्यास काही हरकत नाही. मात्र एकदा घराबाहेर पडल्यावर मांजरासाठी धुरात परत जाऊ नये. खाली उतरून जवानांना ते कोणत्या खोलीत लपण्याची शक्यता आहे, हे सांगावे.

पेटीच्या जोडीला आणखी एक सवय लावता येते. रोज जेवण देण्यापूर्वी कोरड्या खाद्याचा डबा ठराविक पद्धतीने खुळखुळवावा. काही दिवसांत तो आवाज आणि अन्न यांची सांगड मांजराच्या मनात पक्की होते. नावाने हाक मारल्यावर न येणारे मांजर डब्याच्या आवाजाला येण्याची शक्यता बरीच अधिक असते. मांजर हरवल्यावरही हाच डबा उपयोगी पडतो.

मालकच घरी पोहोचला नाही तर

मांजराबरोबर घर सोडावे लागण्याचा प्रसंग मुंबईकरांवर क्वचित येतो. घरीच पोहोचता न येण्याचा प्रसंग मात्र मुंबईकरांच्या सरावाचा आहे. २००५ मध्ये तो आला, २९ ऑगस्ट २०१७ रोजीच्या पावसात पुन्हा आला. २०२० मध्ये त्याचे निराळेच रूप दिसले. करोनाची लागण झालेल्या माणसाला तातडीने रुग्णालयात किंवा विलगीकरण केंद्रात हलवले जाई, आणि एकट्या राहणाऱ्याच्या घरातील मांजराला खाऊ कोण घालणार, हा प्रश्न रुग्णवाहिका दारात आल्यावर उभा राही. पाळीव प्राण्यांपासून संसर्ग होतो, या अफवेमुळे शेजारीही पुढे येण्यास कचरत असत. अपघात, हृदयविकाराचा झटका, अचानक करावी लागलेली शस्त्रक्रिया यांना तर साथीचीही गरज नसते.

अशा प्रसंगासाठी घराची एक किल्ली चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या विश्वासातील व्यक्तीकडे असणे ही सर्वांत मोठी तयारी होय. ती व्यक्ती मांजराला आधीपासून ओळखत असावी. तिने एकदा तरी मालकाच्या गैरहजेरीत येऊन त्याला खाऊ घातलेला असावा. खाद्य कोठे आहे, किती द्यायचे, मांजर कोठे लपते, कोणते औषध चालू आहे आणि डॉक्टर कोण, हे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावावे. मालकाच्या पाकिटातही 'घरी मांजर आहे, यांना कळवावे' अशी दूरध्वनी क्रमांकासह चिठ्ठी असावी. माणूस बेशुद्धावस्थेत रुग्णालयात गेला, तर मोबाइलमधील माहिती कुलूपबंदच राहते.

पावसाळ्यात कामावर निघताना घरात पाण्याची दोन-तीन जड भांडी वेगवेगळ्या जागी भरून ठेवावीत. एक सांडले तर दुसरे असते. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. केवळ कोरडे खाद्य खाणाऱ्याला ते सगळे भांड्यातूनच प्यावे लागते. खाण्यावाचून एक दिवस निभतो, पाण्यावाचून उन्हाळ्याच्या दिवसांत तेवढाही निभणे कठीण. आतील खोल्यांची दारे वाऱ्याने लागू नयेत म्हणून त्यांना अडसर लावावा. तळमजल्यावरील घरात पाणी शिरण्याचा संभव असेल, तर कपाटाच्या माथ्यावर किंवा माळ्यावर चढण्याचा मार्ग मोकळा ठेवावा आणि एक भांडे वरही ठेवावे.

घर सोडताना मांजराला नेणे खरोखरच अशक्य झाले, तरी हाच नियम लागू पडतो. त्याला पेटीत बंद करून किंवा बांधून मागे ठेवू नये. पाणी चढल्यावर त्याच्यापुढे सुटकेचा मार्गच उरत नाही. अर्थात, माणसाला जेथे राहणे सुरक्षित नाही तेथे मांजरालाही नाही. 'उद्या येऊन घेऊन जाऊ' हा हिशेब किती वेळा चुकतो, याचे मोठे उदाहरण जपानमध्ये घडले.

निवाऱ्यात जागा कोणाला?

मार्च २०११ मध्ये फुकुशिमा अणुवीज केंद्रातील दुर्घटनेनंतर वीस किलोमीटर परिघातील गावे रिकामी करण्यात आली. दोन-चार दिवसांत परतू, या समजुतीने अनेकांनी मांजरांपुढे थोडे खाद्य ठेवून दारे लावली. त्यांना परतता आले नाही. या अनुभवानंतर जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि पाळीव प्राण्यासह घर सोडावे, असे धोरण स्वीकारले. त्यातील सावधगिरीही लक्षात घेण्याजोगी आहे. प्राण्यासह निवाऱ्यापर्यंत यावे, याचा अर्थ निवाऱ्यातील खोलीत त्याच्यासह राहता येईलच असा होत नाही; पिंजऱ्याची सवय, लसीकरण आणि खाद्याचा साठा ही जबाबदारी मालकाची, असे त्या सूचना बजावतात.

अमेरिकेत ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळ आले, तेव्हा बचाव पथकांनी आणि अनेक निवाऱ्यांनी प्राण्यांना प्रवेश नाकारला. प्राण्याला सोडून जाण्यापेक्षा बुडणाऱ्या घरात थांबणे कित्येकांनी पत्करले. प्राण्याची व्यवस्था नसेल तर माणूसही बाहेर पडत नाही, हे तेथे प्रशासनाला किंमत मोजून कळले. पुढील वर्षी, ऑक्टोबर २००६ मध्ये, राज्यांच्या आपत्कालीन योजनांत पाळीव प्राण्यांचा विचार बंधनकारक करणारा कायदा तेथे झाला.

आपल्याकडे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. जनावरांच्या नुकसानीसाठी मदतीचे दरही ठरलेले आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीसाठी ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये आणि कोंबडीसाठी १०० रुपये मदत होती. शेतकऱ्याचे पोट ज्या जनावरावर अवलंबून असते त्याला प्राधान्य मिळणे योग्यच आहे. मांजराचे नाव त्या यादीत नाही आणि भरपाई हा त्याच्या मालकाचा प्रश्नही नव्हे. प्रश्न महापालिकेच्या शाळेत उघडलेल्या निवाऱ्याच्या दारात उभा राहतो. तेथे एका वर्गात लहान मुले, वृद्ध, आजारी माणसे दाटीवाटीने झोपलेली असतात. त्यांतील कोणाला मांजराची ॲलर्जी असते, कोणाला भीती. मांजराला प्रवेश नाकारणाऱ्या कर्मचाऱ्याला दोष देणे सोपे, पण त्याच्यापुढे स्वतंत्र खोलीचा पर्यायच ठेवलेला नसतो. एखादा व्हरांडा किंवा वर्ग प्राण्यांसाठी राखून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. प्रभागाच्या पावसाळापूर्व बैठकीत हा मुद्दा नागरिकांनी मांडल्याशिवाय तो नियोजनात येण्याची चिन्हे नाहीत.

तोवर प्रत्येकाने आपला निवारा आपण ठरवलेला बरा. उंच भागात राहणारे नातलग किंवा मित्र यांपैकी दोन घरे निश्चित करावीत आणि 'मांजरासह येऊ का' हा प्रश्न ऊन पडलेले असताना विचारावा. त्या घरात कुत्रा असेल, तर मांजरासाठी बंद होणारी एक खोली मिळेल का, हेही विचारून घ्यावे. पैसे घेऊन मांजरे सांभाळणाऱ्या केंद्रांत लसीकरणाचे पुस्तक पाहिल्याशिवाय सहसा प्रवेश देत नाहीत, आणि ते रास्त आहे. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या जीवघेण्या आजाराचा विषाणू जागेवर अनेक महिने टिकून राहतो. लस नसलेले मांजर गर्दीत नेणे म्हणजे पुरातून काढून साथीत टाकणे होय.

मांजराला रस्त्यावर सोडून देणे हा पर्याय नव्हेच. उपासमार किंवा तहान यांमुळे यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणावाचून टाकून देणे, हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड दहा ते पन्नास रुपये आहे. हा आकडा आज वाचताना कायद्याचा धाक किती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पिशवीत काय असावे

मांजराची पिशवी माणसाच्या पिशवीशेजारीच असावी. आठवडाभर पुरेल एवढे कोरडे खाद्य हवाबंद डब्यात, दीड-दोन लिटर पाणी, दोन ताटल्या, चालू औषधे, जुना टॉवेल, थोडी वर्तमानपत्रे आणि पसरट ट्रे एवढे सामान पुरते. विधीसाठीची वाळू, म्हणजे लिटर, नेहमीच्याच प्रकारची घ्यावी. ओळखीचा वास नसेल तर काही मांजरे विधी रोखून धरतात. खाद्यही नेहमीचेच हवे. निवाऱ्यात कोणीतरी मायेने बशीभर दूध पुढे करते. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही आणि परक्या जागी जुलाब लागलेले मांजर ही सगळ्यांचीच डोकेदुखी ठरते. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर त्याहून वाईट, कारण हे दोन्ही पदार्थ मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात.

कागदपत्रांत लसीकरणाच्या पुस्तकाची प्रत आणि मांजराची अलीकडची छायाचित्रे असावीत. एका छायाचित्रात मालकही मांजराबरोबर दिसावा. मांजर आपलेच आहे, हे सिद्ध करण्याची वेळ आली तर त्याचा उपयोग होतो. मायक्रोचिपबद्दल बराच गैरसमज आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमध्ये केवळ पंधरा अंकी क्रमांक असतो. मांजर कोठे आहे हे ती सांगत नाही. तो क्रमांक वाचण्याचे यंत्र प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही, आणि क्रमांकापुढे मालकाचा जुना पत्ता नोंदलेला असेल तर तो वाचूनही उपयोग नाही. चिप जरूर बसवावी. पण ओढ लागताच सुटणारा पट्टा आणि त्यावर कोरलेला दूरध्वनी क्रमांक आपल्याकडे आजही अधिक कामाचा आहे. या पट्ट्यात अडकून मांजराला फास लागत नाही.

पाणी ओसरल्यावर

संकट टळले म्हणून मांजराचा धोका टळत नाही. पुराच्या पाण्यात सांडपाणी, डिझेल, कीटकनाशके असे बरेच काही मिसळलेले असते. मांजर आपले अंग चाटून स्वच्छ करते आणि त्यामुळे अंगाला लागलेले सर्व त्याच्या पोटात जाते. भिजलेल्या मांजराला आधी कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन, कोरडे करून मगच मोकळे सोडावे. अंघोळीचा तंटा येथे टाळू नये.

पुढील दोन-तीन दिवस दोन गोष्टींवर बारीक लक्ष हवे. पहिली म्हणजे खाणे. धास्तावलेले मांजर अन्नाला तोंड लावत नाही आणि 'भूक लागली की खाईल' असे म्हणून घरातील माणसे वाट पाहतात. कुत्र्याच्या बाबतीत हे खपून जाते. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर शरीरातील चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होण्याचा धोका निर्माण होतो. दुसरी गोष्ट लघवी. ताण आणि कमी पाणी यांमुळे मूत्राशयाचा दाह होतो आणि बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो बंद पडू शकतो. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो. घरच्यांना वाटते बद्धकोष्ठ झाला. लघवीचा थेंब पडत नसेल, तर एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवतो. सकाळपर्यंत थांबू नये, असे जे थोडे आजार आहेत त्यांत याचा क्रमांक बराच वर लागतो.

याच काळात घरगुती उपचारांचा मोह होतो. तापासाठी माणसांना दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. हे औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. अर्धी गोळीही प्राणघातक ठरू शकते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होणे, तोंड व पंजे सुजणे ही विषबाधेची लक्षणे होत. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनयुक्त औषधेही मांजरांना तितकीच घातक आहेत.

मांजर हरवले असेल, तर शोध घरापासूनच सुरू करावा. घरात वाढलेले मांजर सहसा लांब जात नाही. त्याच इमारतीच्या जिन्याखाली, वाहनतळातील गाडीखाली, गच्चीवरच्या टाकीमागे किंवा शेजारच्या संकुलाच्या गटाराच्या कडेला ते गप्प बसलेले असते. दिवसा घोळका करून हाका मारण्यापेक्षा रात्री वर्दळ थांबल्यावर एकट्याने विजेरी घेऊन जावे. अंधारात त्याचे डोळे चकाकतात. खाद्याचा डबा खुळखुळवावा आणि थांबून कान द्यावा. आठवडा उलटला म्हणून आशा सोडू नये. सापडल्यावर मात्र झडप घालून धरू नये. कोंडीत सापडलेले मांजर मालकालाही चावते. त्याचे सुळे बारीक असल्याने जखम वरून लहान दिसते, आत खोल जाते आणि लवकर चिघळते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजविरोधी लसीबाबत सल्ला घ्यावा. मांजराचे लसीकरण झालेले असल्यास त्याचे पुस्तक बरोबर न्यावे.

पुराचे पाणी ज्यांच्या मजल्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही, अशा उंच इमारतींतील रहिवाशांसाठी संकट खिडकीत असते. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मांजरे वाचली आणि मांजर कितीही उंचावरून पडले तरी जगते, हा समज त्यानंतर बळावला. जी मांजरे जागीच मेली ती रुग्णालयात आणलीच गेली नव्हती, ही बाब मात्र विसरली जाते. वाचलेल्यांतही छातीला इजा, फुटलेला जबडा, मोडलेले पाय असे प्रकार पुष्कळ होते. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर कुरतडते. तेथे धातूची जाळी हवी. पडलेले मांजर चालताना दिसले, तरी त्याला पेटीत घालून दवाखान्यात न्यावेच.

आता प्रश्न उरतो तो दवाखान्याचा. परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारखी जुनी संस्था मुंबईत आहे, खासगी दवाखानेही बरेच आहेत. पण रात्री दोन वाजता कोणाचे दार उघडे असते, हे मांजर तडफडत असताना शोधता येत नाही. शासनाच्या पशुसंवर्धन खात्याची १९६२ या क्रमांकावरील सेवा मुख्यत्वे शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे, तिच्यावर शहरातील मांजराने विसंबून राहू नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना रात्रीच्या वेळी कोठे न्यावे ते पुढच्या लसीच्या दिवशीच विचारून घ्यावे. मिळालेल्या दवाखान्याला दूरध्वनी करून खात्री करावी, तेथे मांजरांवर उपचार होतात ना हेही विचारावे, कारण काही ठिकाणी केवळ कुत्र्यांचा सराव असतो. तो क्रमांक आणि पत्ता पेटीच्या झाकणावर पाण्याने न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावा.